न उघडलेली बाटली कोणाची?

मागील पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईंनीं आम्हांस घरीं बोलावून एक प्रश्न विचारिला. ऐकतांना तो सोपा वाटला, आणि उत्तर तर आमच्या जिभेवरच होतें. परंतु घरीं परत येतां येतां तें उत्तर हातांतून निसटलें. तेव्हांपासून तो प्रश्न आमच्या मनांत ठाण मांडून बसला आहे, म्हणून तो येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय दारूचा आहे. ह्या पृष्ठांवर दारूविषयीं जें नेहमीं लिहिलें जातें तें वाचकांस पाठ आहे व तें खरेंही आहे. आज आम्हांस थोडें निराळें बोलावयाचें आहे.

ह्या बाईंचे यजमान तीस वर्षें मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. नोकरी संपल्यावर ते कोंकणांतील आपल्या मूळ घरीं येऊन राहिले. गांवांत लहानथोर सर्व त्यांस चीफसाहेब म्हणत. दीड वर्षापूर्वीं ते प्रभूमध्यें निद्रिस्त झाले. त्यांच्या बैठकीच्या खोलींत कांचेच्या दारांचें एक शिसवी कपाट आहे, आणि त्यांत देशोदेशींच्या बंदरांतून आणिलेल्या व्हिस्कीच्या ४३ बाटल्या रांगेनें उभ्या होत्या. त्यांपैकीं १२ उघडलेल्या होत्या; ३१ जशा आणिल्या तशाच बंद.

बाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, ह्यांचें मीं काय करावें तें सांगा. पण आधीं हें सांगा, कीं ह्या एकतीस बाटल्या होत्या तरी कोणाच्या? पैसे त्यांनीं दिले, पुसून ठेवल्या त्यांनीं, आणि चव मात्र कधीं घेतली नाहीं. मग ते धनी होते कीं नुसते राखणदार?”

आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें दारू म्हटली कीं ओढ्याकांठची हातभट्टी येते: काळा गूळ, नवसागर, आंबूस वास, आणि रात्रीं भिंतीला धरून घरीं येणारा माणूस. चीफसाहेबांच्या कपाटांतील वस्तु त्याच कुळांतली, पण तिचें संगोपन निराळें. सातूचे दाणे भिजवून त्यांस मोड आणावयाचे व ते उष्णतेनें वाळवावयाचे. कांहीं ठिकाणीं हें वाळवणें पीट नांवाच्या, दलदलींतून कापून काढलेल्या मातकट जळणाच्या धुरावर करितात, आणि तो धूर पुढें पेल्यापर्यंत पोंचतो. मग ते दाणे भरडून ऊन पाण्यांत कालवावयाचे, निघालेलें गोड पाणी आंबवावयाचें, आणि तांब्याच्या भट्टींतून बहुधा दोन वेळां वाफ करून पुन्हां थंड करावयाचें. एवढ्यानें जें हातीं येतें तें पाण्यासारखें रंगहीन असतें, व त्यास व्हिस्की म्हणण्याची परवानगी नसते. स्कॉटलंडांतील नियमाप्रमाणें तें ओक लाकडाच्या पिंपांत निदान तीन वर्षें मुरलें पाहिजे, व बाटलींत भरतेवेळीं त्यांत मद्यार्क शेंकडा ४० हून कमी असतां कामा नये. रंग तें लाकूडच देतें. वास आणि गोडवा ह्यांचाही मोठा भाग त्याचाच. अमेरिकेंत बर्बन नांवाची जी व्हिस्की होते ती नव्या, आंतून जाळलेल्या पिंपांतच मुरविली पाहिजे असा तिकडचा कायदा आहे. म्हणून तेथें एकदां वापरलेलीं पिंपें जहाजांतून स्कॉटलंडास जातात व तेथें पुन्हां कामास येतात. आपल्याकडे लोणच्याची जुनी बरणी जशी मोलाची, तसेंच हें.

स्कॉटलंडांत ह्या पेयाची सर्वांत जुनी लेखी खूण इ. स. १४९४ ची आहे. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवहींत जॉन कोर नांवाच्या एका मठवासी धर्मबंधूस ‘जीवनजल’ करण्यासाठीं आठ बोल माल्ट दिल्याची नोंद सांपडते. बोल हें तिकडचें धान्याचें जुनें माप. व्हिस्की हा शब्दही गेलिक भाषेंतील जीवनजल ह्याच अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश होय. आमच्यासारख्या उपदेशकास हें ऐकून जरा दचकावयास होतें, कारण तो शब्द आम्हीं निराळ्या वस्तूसाठीं राखून ठेविला आहे. पुढें त्या देशाच्या डोंगरांत चोरट्या भट्ट्या इतक्या माजल्या कीं सरकारी शिपाई थकले. १८२३ च्या कायद्यानें परवाना स्वस्त केला, तेव्हां कोठें त्यांतल्या पुष्कळ भट्ट्या उजेडांत आल्या. म्हणजे आज ज्या नांवांपुढें जगांतले श्रीमंत मान लववितात, त्यांतल्या कित्येकांचे पूर्वज आपल्या ओढ्याकांठच्या भट्टीचे सख्खे भाऊच होते! १८२९ सालीं जॉन विल्सनसाहेब त्याच देशांतून मुंबईस उतरले, आणि त्याच सालीं त्यांच्या मायदेशीं जॉन डनलॉप नांवाच्या गृहस्थानें पहिल्या मद्यपाननिषेधक सभा स्थापिल्या. एकाच देशांतून आपल्याकडे मिशनरी आले, बाटली आली, आणि बाटलीविरुद्ध शपथही आली.

आतां आमच्या प्रश्नाशीं ज्याचा निकट संबंध आहे तें सांगतों. पिंपांत असतां व्हिस्की जिवंत असते. ती लाकडांतून श्वास घेते, आणि वर्षास शेंकडा सुमारें दोन ह्या मानानें हवेंत उडून जाते. तिकडे त्यास देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उष्ण देशांत देवदूत अधिक तहानलेले दिसतात. बंगळुरास अमृत नांवाची जी कंपनी १९४८ पासून आहे आणि जिनें २००४ सालीं आपली माल्ट व्हिस्की थेट ग्लासगो शहरांत नेऊन विकली, तिच्या कोठारांत हा वाटा शेंकडा दहांच्याही वर जातो. गोव्यांत पॉल जॉन ह्या नांवाची जी होते तिचाही हा वाटा तिकडच्याहून पुष्कळ मोठा. म्हणून इकडे जें पांचसहा वर्षांत मुरतें त्यास तिकडे दुप्पट तिप्पट काळ लागतो. परंतु एकदां बाटलींत शिरून बूच बसलें कीं काळ थांबतो. बारा वर्षांची व्हिस्की बाटलींत पन्नास वर्षें ठेविली तरी ती बारा वर्षांचीच. द्राक्षारसाची उत्तम जात बाटलींतही पिकते व तिला आडवी निजवितात. हिला उभी ठेवितात, नाहीं तर कडक मद्यार्क बूच खातो. आणि बूच काढलें कीं हवा शिरते. अर्धी रिकामी बाटली महिन्यामहिन्यांनीं फिकी पडते. म्हणजे बंद बाटली राखून ती सुधारत नाहीं, आणि उघडलेली राखली तर बिघडते. राखण्यानें तिचें कांहींच बरें होत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

चीफसाहेबांचा नेम असा होता. आठवड्यांतून एक दिवस, शनिवारीं, दिवेलागणीनंतर ते उघडलेल्या बाटल्यांपैकीं एक काढीत, पेल्यांत अंगठ्याच्या रुंदीइतकीच ओतीत, त्यांत पाण्याचे चार थेंब घालीत, आणि पुष्कळ वेळ नुसता वास घेत. मग वहींत कांहीं लिहीत. पेला संपण्यास तासभर लागे, आणि दुसरा पेला भरतांना आम्हीं त्यांस कधीं पाहिलें नाहीं. आम्ही वर्षांतून दोनतीनदां त्या वेळीं तेथें असूं, आमच्यापुढें चहा असे. त्यांच्यापाशीं परवानाही होता, कारण आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें दारू पिण्यास व बाळगण्यास तो अजून लागतो. हा परवाना कायद्याच्या भाषेंत आरोग्य राखण्यासाठीं दिलेला असतो, हें सांगतांना ते मोठ्यानें हंसत. बाळगण्याच्या प्रमाणालाही मर्यादा असते. त्याबद्दल ते किती काटेकोर होते हें आम्हीं विचारिलें नाहीं.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, नाहीं तर आम्ही तटस्थ आहों असा वाचकांचा समज होईल. आमचे धाकटे चुलते हातभट्टीच्या दारूनें ३८ व्या वर्षीं गेले. आमच्या आजीच्या माहेरची एक तांब्याची घागर होती. ती त्यांनीं एका दुपारीं विकली, आणि संध्याकाळीं आजी विहिरीवर मातीचें मडकें घेऊन गेली. आम्ही तेव्हां सात वर्षांचे होतों. चीफसाहेबांच्या खोलींत बसलों असतां, ती व्हिस्की तांब्याच्या भट्टींतून निघते हें त्यांनीं प्रथम सांगितलें त्या वेळीं आम्हांस त्या घागरीची आठवण होऊन पुढचें बोलणें ऐकूं आलें नाहीं.

तरी न्यायानें बोललें पाहिजे. त्या मनुष्यानें कोणाची घागर विकली नाहीं, बायकोवर हात उचलला नाहीं, मुलांच्या तोंडचा घांस काढिला नाहीं. तो जें पीत होता त्याकडे लक्ष देऊन पीत होता. आणि लक्ष देणें व शुद्ध हरपण्यासाठीं पिणें ह्या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. आमचे चुलते दारूची चव घेत नव्हते, ते तिच्यांतून पळून जात होते. पौलानें तीमथ्यास पोटासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, आणि काना गांवच्या लग्नांत काय झालें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ह्या दोन जागा आमच्या व्याख्यानांत आम्ही बहुधा पाय न वाजवितां ओलांडतों. वस्तूच्या गोडीची ओळख करून घेणें हें पाप आहे असें आम्हांस सिद्ध करितां आलें नाहीं. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. शरीर बाटलीवरील चिठी वाचीत नाहीं. मद्यार्कानें कर्करोग होतो हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९८८ सालींच ठरविलें, आणि मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं असें त्या संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. चीफसाहेबांस हें ठाऊक होतें. त्यांनींच आम्हांस तें वर्तमानपत्राचें कात्रण दाखविलें. आणि एवढी ओळख ठेवून एका अंगठ्यावर थांबणें सर्वांस साधत नाहीं. ज्यास साधतें त्यास तें आपल्या गुणानें साधतें असें वाटतें. पुष्कळदां तें पोटभर जेवणामुळें, पेन्शनमुळें व चुलत्यांसारखें रक्त अंगांत नसल्यामुळें साधतें.

हें झालें पिण्याविषयीं. बाईंचा प्रश्न पिण्याविषयीं नव्हताच; तो न पिण्याविषयीं होता.

असा संग्रह करणारे जगांत पुष्कळ आहेत. ब्राझील देशांतील क्लेव्ह विदिझ नांवाच्या गृहस्थानें सुमारें ३५ वर्षें खपून स्कॉच व्हिस्कीच्या ३,३८४ बाटल्या जमविल्या. तो सारा संग्रह पुढें एका मोठ्या कंपनीनें विकत घेऊन स्कॉटलंडास परत नेला, आणि २००९ पासून तो एडिंबरो शहरांत कांचेमागें लोकांस पाहावयास ठेविला आहे. मॅकॅलन नांवाच्या भट्टीनें १९२६ सालीं पिंपांत भरून १९८६ सालीं बाटलींत काढलेल्या अशा अवघ्या ४० बाटल्या. त्यांपैकीं एक नोव्हेंबर २०२३ मध्यें लंडनच्या लिलावांत सुमारें २२ कोटी रुपयांस गेली. घेणारा ती पिईल असें कोणासही वाटत नाहीं. पिण्याची वस्तु जों जों महाग होते तों तों ती पिणें अशक्य होत जातें, आणि शेवटीं तिचें मोल ती कोणी न पिण्यावरच उभें राहतें. अशा व्यवहारांत खोटेपणाला किती वाव असतो पाहा! २०१७ सालीं स्वित्झर्लंडांतील एका हॉटेलांत एका पाहुण्यानें १८७८ सालची म्हणून एका पेल्यास सुमारें दहा हजार फ्रँक मोजिले. पुढें शास्त्रज्ञांनीं तपासली तों ती १९७० च्या सुमारास केलेली, मिश्र जातीची, साधी निघाली. अणुबाँबच्या चांचण्यांमुळें १९५० नंतर हवेंतील एका प्रकारच्या कर्बाचें प्रमाण वाढलें. तो त्यानंतर पिकलेल्या प्रत्येक दाण्यांत उतरला, त्यामुळें नव्या सातूला जुनें म्हणतां येत नाहीं. हॉटेलवाल्यानें पैसे परत केले. २०१८ सालीं ह्याच रीतीनें ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यांत २१ खोट्या ठरल्या. उघडलीच नाहीं तर खोटी खपते. ज्यांच्या कपाटांत त्या उभ्या होत्या त्यांस त्यांचा अभिमान खऱ्याइतकाच वाटत होता.

आम्हांस असें दिसतें, कीं वापराच्या दृष्टीनें जगांतील वस्तु दोन जातींच्या आहेत. कांहीं वापरल्यावर उरतात: शेत, नांगर, पुस्तक, घागर. कांहीं वापरल्यानें संपतात: भाकरी, दिव्याचें तेल, फुलांचा वास. पहिल्या जातींत धनी आणि भोक्ता एक होऊं शकतो. दुसऱ्या जातींत धनीपण आणि भोग एकमेकांस खातात. भाकरी जोंवर माझी आहे तोंवर मीं ती खाल्ली नाहीं, आणि खाल्ली कीं ती राहिली नाहीं. व्हिस्कीचा संग्रह करणारा दुसऱ्या जातीच्या वस्तूला ओढून पहिल्या जातींत बसवूं पाहतो. पुस्तकाचा संग्रह निराळा, वाचून पुन्हां फळीवर ठेवितां येतें. (आमच्या फळीवर सेमिनरीच्या दिवसांत घेतलेले टीकाग्रंथ आहेत, त्यांतल्या चार खंडांचीं पानें अजून कोरीं करकरीत आहेत, तेव्हां आम्ही फार मोठ्यानें बोलूं नये.)

कोणी म्हणेल, राखून ठेवणें हें तर शेतकऱ्याचें पहिलें शहाणपण. घरांत लेंकरें उपाशी असतांही कणग्यांतल्या बियाण्याला तो हात लावीत नाहीं. खरें आहे. पण बियाण्याला दिवस ठरलेला असतो. मृगाचा पाऊस पडला कीं कणगा फुटलाच पाहिजे. त्या दिवशींही जो बी राखील त्यास गांव वेडा म्हणेल. संग्रह करणाऱ्याच्या पंचांगांत मृग नसतो. “योग्य वेळ आली कीं उघडूं,” असें तो म्हणतो, आणि वेळ आली कीं ती त्याला पुरेशी योग्य वाटत नाहीं. ही खोड श्रीमंतांचीच आहे असेंही नाहीं. आमच्या मंडळ्यांत असें घर क्वचितच असेल कीं ज्यांत पाहुण्यांसाठीं म्हणून एक नवी सोलापुरी चादर पेटींत घडी घालून ठेविली नाहीं. आणि म्हातारीला मात्र फाटक्या वाकळेंतच थंडी काढावी लागते. ती चादर बहुधा तिच्या प्रेतावर पहिल्यानें पसरली जाते.

हा वाद आम्हीं चीफसाहेबांशीं एकदां घातला होता. ते म्हणाले, “पाळकसाहेब, तुम्हांला ही दारू दिसते. मला हीं बंदरें दिसतात. ही ग्रीनकची, ही कोबेची, ही हॅलिफॅक्सची; तिकडे बर्फांत आम्ही नऊ दिवस अडकून पडलों होतों.” आम्हीं विचारिलें, आठवणच हवी तर रिकामी बाटली कां पुरत नाहीं? ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “रिकामी झाली म्हणजे तें बंदर झालें. भरलेली आहे तोंवर अजून जावयाचें आहे.”

ह्या उत्तरानें आम्ही त्या वेळीं निरुत्तर झालों, आणि आजही त्याचा पुरता निकाल आम्हांस लावितां येत नाहीं. एखादी गोष्ट आपण करूं शकतों, ह्या जाणिवेंत एक खरा आनंद आहे. ती केली कीं तो आनंद जातो. अंटार्क्टिकच्या बर्फांत शॅकलटन नांवाचा दर्यावर्दी १९०९ सालीं परततांना आपल्या झोंपडीखालीं व्हिस्कीच्या पेट्या सोडून गेला. शंभर वर्षांनीं, २०१० मध्यें, त्या पेट्या वर काढिल्या. तीन बाटल्या स्कॉटलंडास नेल्या, बुचांतून सुई घालून थोडी थोडी काढून तपासली, त्याबरहुकूम तशीच दुसरी बनविली, आणि मूळ बाटल्या पुन्हां त्या बर्फांत नेऊन ठेविल्या. त्या आतां कोणीही पिणार नाहीं, कारण त्या त्या प्रवासाच्या साक्षीदार झाल्या आहेत. ह्यास कोणी कृपणता म्हणणार नाहीं. मग चीफसाहेबांच्या हॅलिफॅक्सच्या बाटलीसच आम्ही ती कां म्हणावी? भेद एवढाच दिसतो, कीं शॅकलटनची बाटली सर्वांची झाली आहे, आणि चीफसाहेबांच्या बाटलींतील प्रवास एकाच मनुष्याच्या मनांत होता. तें मन गेलें आणि कपाटांत फक्त दारू उरली. बेथानींत त्या स्त्रीनें सुगंधी तेलाची कुपी फोडली तेव्हां तीनशें दीनारांचा हिशेब करणारे तेथें होतेच. परंतु त्या कुपीचें नांव जगांत राहिलें तें ती फुटली म्हणून.

बाईंनीं मग आम्हांस ती वही दाखविली. प्रत्येक बाटलीस एक पान. वर नांव, बंदर व तारीख, आणि उघडली असल्यास वासाचें व चवीचें वर्णन. उघडलेल्या बारांच्या पानांवर आणखी एक गोष्ट होती. प्रत्येकावर कोणा ना कोणा पाहुण्याचें नांव होतें. एकही बाटली त्यांनीं एकट्यासाठीं उघडली नव्हती. शेवटची उघडलेली सहा वर्षांपूर्वींची. त्यानंतर जुने सोबती कांहीं वारले, कांहींना डॉक्टरांनीं मना केलें, आणि गांवांतून तर कोणी त्या खोलींत बसावयास येतच नव्हतें, कारण आम्हीं मंडळीस तसेंच शिकविलें होतें. आम्ही येत असूं, पण आमच्यापुढें चहा असे.

आतां करावें काय? मुलगा परदेशीं आहे. त्यानें कळविलें कीं ह्यांतल्या दोनतीन बाटल्यांस आज लाखांत किंमत येईल, हात लावूं नका. परंतु परवाना चीफसाहेबांच्या नांवाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला, आणि आपल्या राज्यांत घरांतून दारू विकणें हा गुन्हा आहे. आमच्या उपदेशकभाऊंचें मत असें पडलें, कीं उपासनेनंतर मंदिराच्या पटांगणांत सर्व बाटल्या फोडाव्या म्हणजे गांवास साक्ष होईल. बाई त्यांस म्हणाल्या, “भाऊ, साक्ष माझ्या माणसाविरुद्ध नको.” आणि मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस ठाऊक असूनही आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं गांवांतील देशी दारूचें दुकान बंद करण्यासाठीं बायांनीं मतदान केलें. त्या मतपत्रिकेवर, वाचकांस माहीत आहे, दोन चिन्हें असतात: दुकान राहावें असें वाटणारीनें उभ्या बाटलीवर शिक्का मारावयाचा, बंद व्हावें असें वाटणारीनें आडव्या बाटलीवर. बाईंनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारिला, दुकान बंद झालें, आणि घरीं येऊन त्यांनीं उभ्या बाटल्यांवरची धूळ पुसली. “त्या दिवसापासून,” त्या म्हणाल्या, “कपाटाची कांच पुसतांना मला कोळीवाड्यांतल्या बायांचीं तोंडें दिसत.”

त्या गांवांतील बायांचे नवरे आणि चीफसाहेब ह्यांत आम्ही भेद केला, आणि वर दिलेलीं कारणें अजूनही आम्हांस खरीं वाटतात. पण दुकान बंद करावयाचें ठरलें तेव्हां सभेंत आम्हीं जें भाषण केलें त्यांत कपाटाचा उल्लेख नव्हता. चीफसाहेब मंडळीस सढळ हातानें देणगी देत असत, हेंही येथें लिहून ठेविलें पाहिजे.

शेवटीं निर्णय बाईंनींच केला. एक बाटली त्यांनीं वेगळी काढिली. ती कन्येच्या जन्मवर्षीं घेतलेली होती, तिच्या लग्नांत उघडावयाची म्हणून. परंतु व्याही कडक निर्व्यसनी निघाले, म्हणून ती तशीच राहिली. कन्या व जांवई आले, आणि चीफसाहेबांचे दोन जुने जहाजी सोबती रत्नागिरीहून आले, आपापले परवाने खिशांत घेऊन. आम्हीही होतों. कांहीं बंधूंस हें रुचणार नाहीं. तें आम्ही समजून आहों. बूच काढतांना त्याचा भुगा झाला, आणि बाईंनीं ती फडक्यांतून गाळून दोघांपुढें ठेविली. खोलीभर वास पसरला. त्यांनीं चौतीस वर्षें ती बाटली पुसली होती, वास आज पहिल्यानें आला.

उरलेल्या सर्व, उघडलेल्या व न उघडलेल्या, त्यांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं कन्येस हाताशीं घेऊन मोरींत ओतल्या. विकल्या तर दुसऱ्या कपाटांत बंद होतील, आणि वांटल्या तर पुतण्याच्या पोटांत जातील, असें त्या म्हणाल्या. त्यास दोन तास लागले. मुलगा अजून रागावलेला आहे. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्यानें नेल्या, एका बाटलीस दोन रुपये ह्या दरानें. कोबेच्या बाटलीचें बूड जाड म्हणून तिचे त्यानें तीन दिले.

वही त्यांनीं ठेविली आहे. त्या एका बाटलीच्या पानावर नांव, बंदर आणि तारीख चीफसाहेबांच्या हातची होती, खालीं जागा कोरी होती. वास कसा होता तें लिहा, म्हणून बाईंनीं वही आमच्यापुढें केली. आम्हांस त्या वासाचीं नांवें ठाऊक नव्हतीं. आम्हीं ती रत्नागिरीच्या त्या वृद्ध सोबत्याकडे दिली. त्यांनीं चष्मा लाविला, बराच वेळ विचार केला, आणि वासाविषयीं कांहीं न लिहितां खालीं हजर असलेल्या सहा जणांचीं नांवें लिहिलीं. त्यांत आमचेंही आहे.